जामगेटच्या घाटाकडेही लक्ष द्या

महोदय,

पावसाळा लागला की आम्हा इंदूरकरांचे रविवारचे बेत महूपलीकडे वळतात. माझ्या ७८ वर्षांच्या आईला महेश्वरला जायचे होते, तेही जामगेटवरूनच. अहिल्याबाईंच्या काळातला तो दगडी दरवाजा विंध्याच्या अगदी कडेला उभा आहे. तिथून माळवा मागे राहतो, रस्ता जंगलातून वळणे घेत निमाडात उतरतो आणि पुढे मंडलेश्वरला नर्मदा भेटते. लहानपणी आई याच वाटेने गेली होती.

आम्ही सकाळी सहाला निघालो. पेट्रोल महूतच भरले, डब्यात दशम्या आणि लसणाची चटणी. दरवाजापाशी धुके इतके उतरले, की गाडीचे बोनेटही दिसेना. कडेची पांढरी पट्टी पार पुसलेली, एका वळणावर कठडा तुटलेला आणि तिथे नुसती दोरी बांधलेली. मोबाइलला रेंज नाही. आईने काच खाली केली आणि कडेचे गवत बघत मला ‘डावीकडे घे, अजून थोडं’ असे सांगत राहिली. पहिल्या गिअरमध्ये ते वळण उतरले, तेव्हा माझे तळहात घामाने भिजले होते.

संबंधित खात्याने पावसाळ्यात तरी तिथे रिफ्लेक्टर आणि पक्का कठडा बसवावा. जाणाऱ्यांनीही उजेडीच घाट उतरावा आणि सेल्फीसाठी वळणावर गाडी उभी करू नये. आईला दिवाळीनंतर पुन्हा जायचे आहे.

– एक वाचक, सुदामानगर, इंदूर