तिघींची त्वचा वेगळी, लेसरचे आकडे एकच : भाजल्याची तक्रार व भरपाईची मागणी

प्रति,
ग्राहक तक्रार विभागप्रमुख आणि वैद्यकीय संचालक,
मुख्य कार्यालय, मुंबई

विषय : दादर शाखेत लेसर हेअर रिडक्शन (लेसरने अंगावरचे केस कमी करणे) करताना त्वचा भाजणे, चुकीच्या सेटिंगचा वापर आणि पैसे परत देण्यास नकार

महोदय / महोदया,

आम्ही तिघी एकाच घरातल्या : थोरल्या जाऊबाई, मी आणि आमच्या वन्सं. आपल्या दादर शाखेतून आम्ही ‘फॅमिली पॅकेज’ घेतले. दोन्ही हात, दोन्ही पाय, प्रत्येकी सहा सेशन, तिघींचे मिळून जीएसटीसह ७२,००० रुपये, सगळे आगाऊ. पहिले सेशन मार्चच्या सुरुवातीला झाले, दुसरे एप्रिलअखेर. दुसऱ्या सेशनच्या रात्रीच वन्संच्या दोन्ही नडग्यांवर आणि उजव्या हातावर फोड आले. आज पाच आठवडे झाले. फोड सुकले, खपल्या पडल्या आणि त्यांच्या जागी काळे गोल डाग राहिले आहेत.

शाखेत विचारल्यावर उत्तर मिळाले, “त्यांची स्किन सेन्सिटिव्ह आहे.” हे आम्हाला मान्य नाही. वन्संच्या त्वचेत काहीही दोष नाही. ती सावळी आहे, आणि सावळ्या त्वचेला जी सेटिंग द्यायची नसते ती दिली गेली. हे पुढे मुद्द्याने लिहीत आहोत. वैद्यकीय संचालकांनी स्वतः वाचावे ही विनंती.

तिघींच्या ट्रीटमेंट कार्डांचे फोटो सोबत जोडले आहेत. ती शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. जाऊबाईंच्या कार्डावर दुसऱ्या सेशनचे आकडे असे आहेत : तरंगलांबी ७५५ नॅनोमीटर, स्पॉट (एका वेळी प्रकाश पडतो तो गोल) १५ मिलिमीटर, पल्स (प्रकाशाचा एक झोत टिकतो तेवढा वेळ) ३ मिलिसेकंद, ऊर्जा दर चौरस सेंटिमीटरला १६ जूल. माझ्या कार्डावर तेच चार आकडे. वन्संच्या कार्डावर आकडे लिहिलेलेच नाहीत; तिथे निळ्या पेनाने फक्त ‘सेम’ लिहिले आहे. ‘स्किन टाइप’च्या रकान्यात तिन्ही कार्डांवर ४. हे प्रकार १ ते ६ असतात; त्वचा जितकी गडद तितका आकडा मोठा. जाऊबाई गोऱ्या, उन्हात गेल्या की गाल लाल होतात. त्या तिसऱ्या प्रकारात बसतात. मी चौथ्या. वन्सं उघडपणे पाचव्या, आणि एप्रिलच्या उन्हाने कोपराखालचा हात दंडापेक्षा आणखी एक छटा काळवंडलेला. खोलीत आम्ही तिघी एकामागून एक झोपलो होतो. हा फरक दिसायला कुठलेही यंत्र लागत नाही.

आपल्या टेक्निशियनला हे ठाऊक असायलाच हवे की लेसरला केस आणि कातडी यांतला फरक कळत नाही. तो मेलॅनिन शोधतो. केसात मेलॅनिन असते म्हणून मूळ तापून निकामी होते. पण सावळ्या माणसाच्या वरच्या थरातही तेच मेलॅनिन भरपूर असते, आणि प्रकाश मुळापर्यंत पोहोचण्याआधी तिथेच अडतो. ७५५ नॅनोमीटरचा प्रकाश मेलॅनिन १०६४ च्या मानाने जवळजवळ तिप्पट शोषते. म्हणून गोऱ्या त्वचेला ७५५ छान चालते आणि पाचव्या-सहाव्या प्रकाराला १०६४, म्हणजे लाँग पल्स एनडी याग नावाचा लेसर, सर्वांत सुरक्षित मानतात. मधल्या ८१० च्या डायोड लेसरनेही सावळ्या त्वचेवर काम होते, पण लांब पल्स आणि चांगले कूलिंग असेल तरच.

दुसरी चूक पल्सची. अँडरसन आणि पॅरिश या त्वचारोगतज्ज्ञांनी १९८३ साली मांडलेले तत्त्व या सगळ्या यंत्रांच्या मुळाशी आहे : ज्याला तापवायचे त्याला उष्णता सोडायला किती वेळ लागतो, त्यावर पल्स किती लांब ठेवायची ते ठरते. त्वचेचा वरचा थर साधारण ३ ते १० मिलिसेकंदांत उष्णता सोडतो, केसाच्या मुळाला दहापासून शंभरपर्यंत लागतात. सावळ्या त्वचेला पल्स लांब ठेवली की वरचा थर तापता तापता निवतही राहतो आणि मूळ मात्र तापत जाते. ३ मिलिसेकंदांत १६ जूल ओतले की त्या थराला निवायला सवडच मिळत नाही. वन्संच्या नडगीवर नेमके हेच झाले.

सगळ्यांत वाईट याचे वाटते की शाखेतले यंत्र दुहेरी आहे. त्याच्या स्क्रीनवर ७५५ आणि १०६४ असे दोन्ही पर्याय आहेत, आणि आपल्या जाहिरातीत ‘प्रत्येक स्किन टोनसाठी’ असे लिहिले आहे ते याच जोरावर. दुसरे यंत्र आणायचे नव्हते, वेगळी खोली लागत नव्हती. तरंगलांबी बदलून ऊर्जा आणि पल्स नव्याने लावायची होती, एवढेच. १०६४ ला दुखते जास्त, बारीक केसांवर ते थोडे कमी पडते, सेशन एक-दोन वाढतात, हे आम्हाला मान्य आहे. ते वन्संना सांगितले असते तर त्यांनी समजून घेतले असते.

डागांचे जवळून काढलेले फोटो मुद्दाम पाठवले आहेत, कारण त्यांतून हात कसा चालला तेही दिसते. डाग वेडेवाकडे नाहीत. १५ मिलिमीटरचे, रुपयाच्या नाण्याहून लहान असे गोल, ओळीने. जिथे दोन गोल एकमेकांवर चढले आहेत तिथे मसुराच्या आकाराचा पट्टा अधिक काळा आहे. शेजारचे शॉट एकमेकांवर दहा टक्क्यांच्या आसपास चढले तर चालते. इथे काही ठिकाणी तिसरा हिस्सा चढला आहे, म्हणजे त्या कातडीला मात्रा दुप्पट मिळाली. आणि नडगीच्या धारेवर पूर्ण गोल नाहीच, एका बाजूला चंद्रकोर भाजली आहे. हे क्रायोजेनच्या, म्हणजे त्वचा थंड ठेवायला यंत्रातून सुटणाऱ्या, फवाऱ्याचे लक्षण आहे. हँडपीस, म्हणजे लेसरचा हातात धरायचा भाग, त्वचेवर सरळ उभा धरला नाही, हाडाच्या उतारावर कलला, की फवारा एकीकडे पडतो आणि प्रकाश दुसरीकडे. थंडावा न मिळालेली कोर भाजते. नडगीवर हे होऊ शकते म्हणून तिथे हळू जायचे असते, कातडी बोटांनी ताणून सपाट करून घ्यायची असते. दोन्ही पाय अकरा मिनिटांत उरकले.

पहिल्या सेशनलाच इशारा मिळाला होता. तेव्हा ऊर्जा १२ जूल होती आणि वन्संची लाली व जळजळ दोन दिवसांहून जास्त टिकली. केसांच्या मुळांभोवती बारीक सूज आणि गुलाबीपणा येणे ही काम बरोबर झाल्याची खूण. ती काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत उतरते. दोन दिवसांनंतरही टिकली तर पुढच्या वेळी ऊर्जा वाढवायची नसते. वन्संनी ते दुसऱ्या सेशनला जाताच सांगितले. उत्तर आले, “दर वेळी थोडं वाढवतोच.” शॉट मारल्यावर त्वचा करडी किंवा पांढरट दिसली तर तिथेच थांबायचे असते. वन्सं दोनदा म्हणाल्या की फार चटका बसतोय. थांबले कोणी नाही.

टेस्ट पॅच, म्हणजे आधी लहानशा जागेवर करायची चाचणी, तिघींपैकी एकीचाही झाला नाही. कन्सेंट फॉर्मवर तो झाल्याची खूण आधीच छापलेली आहे. सावळ्या त्वचेचा पॅच मारून पाच मिनिटांनी पाहणे उपयोगाचे नाही. फोड दुसऱ्या दिवशीही येऊ शकतो आणि काळेपणा दिसायला आठवडे लागतात. निदान ४८ तास थांबावे, पाचव्या-सहाव्या प्रकाराला दोन आठवडे थांबणे बरे. आणि पॅच जिथे लेसर करायचे त्याच जागी हवा. कानामागच्या सावलीतल्या कातडीवरून उन्हात रापलेल्या हाताचा अंदाज येत नाही.

फॉर्मबद्दल एक मनापासून सांगायचे आहे. त्यात प्रश्न आहे, “उन्हात तुमची त्वचा लाल होते का?” त्वचेचे १ ते ६ प्रकार ठरवणारी ही फिट्झपॅट्रिक या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांची वर्गवारी. त्यांनी ती १९७५ मध्ये केली ती प्रकाशोपचाराची मात्रा ठरवण्यासाठी, आणि मुळात गोऱ्या त्वचेपुरती. सावळे-काळे प्रकार नंतर जोडले गेले. आपल्याकडच्या बाईला हा प्रश्न नीट लागू पडत नाही. तिला विचारायला हवे की फोडणीचा थेंब हातावर उडाला, डास चावला, पुळी फुटली, तर डाग राहतो का आणि किती महिने राहतो. वन्संचे उत्तर आले असते, “सहा महिने.” तेवढ्यावरून कोणीही शहाण्या माणसाने ऊर्जा खाली आणली असती. मुंबईत लेडीज डब्याच्या एका बाकावर तिसऱ्यापासून सहाव्या प्रकारापर्यंतच्या बायका बसलेल्या असतात. त्या सगळ्यांसाठी एकच ‘४’ कसा चालेल?

लेसरच्या आधी चार आठवडे ऊन टाळायचे असते आणि रापलेल्या त्वचेवर सेशन पुढे ढकलायचे असते. शाखेतून फोन आला तो मात्र असा : “तारीख बदलली तर सेशन लॅप्स होईल.”

त्यानंतर जे झाले ते जास्त गंभीर आहे. रात्री फोन केला तेव्हा बर्फ लावायला सांगितले. भाजलेल्या कातडीवर बर्फ लावत नाहीत. नळाचे साधे गार पाणी वीस मिनिटे सोडतात, फोड फोडत नाहीत आणि डॉक्टरांना दाखवतात. आपल्या शाखेत त्या दिवशी डॉक्टर नव्हते, दुसऱ्या दिवशीही नव्हते. तिसऱ्या दिवशी काउंटरवरून एक ट्यूब दिली. तिच्यावर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन अशी नावे आहेत. पहिले रंग उतरवते, दुसरे त्वचा सोलते, तिसरे स्टिरॉइड. ओल्या फोडांवर ही ट्यूब? तीही डॉक्टरांच्या चिठ्ठीविना? आम्ही ती लावली नाही. ट्यूब आणि बिल जपून ठेवले आहे.

सध्या बाहेरच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे उपचार चालू आहेत. डाग भाजण्यानंतरच्या काळेपणाचे आहेत, उतरायला काही महिने ते वर्ष जाईल, आणि नडगीवर दोन ठिकाणी रंग उडाला आहे तो परत यायला त्याहून वेळ लागू शकतो, असे त्यांनी लिहून दिले आहे. आयर्न ऑक्साइड असलेले टिंटेड सनस्क्रीन रोज वापरायला सांगितले आहे, कारण सावळ्या त्वचेवरचा डाग नुसत्या दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतो. त्याचीही बिले सोबत आहेत.

जाऊबाईंचेही थोडक्यात. त्यांच्या हातावरचे जवळजवळ निम्मे केस पांढरे आहेत. पांढऱ्या केसात मेलॅनिन नसते, लेसर त्याला पकडू शकत नाही, कितीही सेशन केली तरी. हे पैसे घेण्याआधी सांगायची गोष्ट होती. मला इजा झाली नाही, पण ‘कायमची सुटका’ या आपल्या शब्दांबद्दल मी हरकत नोंदवते. अमेरिकेची औषधे व उपकरणे तपासणारी सरकारी संस्था एफडीएसुद्धा अशा यंत्रांना ‘कायमस्वरूपी केस कमी होणे’ एवढेच म्हणू देते, सगळे केस जाण्याची ग्वाही देऊ देत नाही.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. वन्संचे २४,००० रुपये पूर्ण परत करावेत. जाऊबाईंचे आणि माझे न वापरलेल्या चार-चार सेशनचे प्रत्येकी १६,००० परत करावेत. आम्हाला आपल्याकडे पुढे काही करायचे नाही. वन्संच्या बाहेरच्या उपचारांचा खर्च, डाग जाईपर्यंतचा, आपण द्यावा, आणि डॉक्टर कोण ते वन्सं ठरवतील. बदल्यात ‘मोफत पील’ किंवा ‘कॉम्प्लिमेंटरी ग्लो सेशन’ नको. भाजलेल्या त्वचेवर पील, म्हणजे रसायनाने त्वचा सोलणे, ही दुसरी इजा. तिघींच्या कार्डांच्या प्रती, यंत्रातली त्या दिवसाची शॉटची नोंद, यंत्राच्या शेवटच्या कॅलिब्रेशनचा कागद, आणि त्या दिवशी लेसर चालवणाऱ्या व्यक्तीची पात्रता लेखी कळवावी. रुग्णाने मागितल्यावर कागदपत्रे ७२ तासांत देणे हे डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेतच आहे.

पावतीवर ‘नो रिफंड’ छापले आहे याची आम्हाला कल्पना आहे. सेवेत त्रुटी असताना पैसे परत नाकारणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा ठरते. कन्सेंट फॉर्मवर सही आहे हेही उत्तर होऊ शकत नाही. तो फॉर्म फक्त इंग्रजीत होता, टॅबलेटवर शेवटचे पान उघडून पुढे केला होता, आणि धोका मान्य करणे म्हणजे निष्काळजीपणाला परवानगी देणे नव्हे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर यावे. न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि आमच्या हाती दोन वर्षांची मुदत आहे.

एक विनंती मात्र आजच अमलात यावी, तिला १५ दिवस नकोत. दादर शाखेत पाचव्या-सहाव्या प्रकारच्या ज्या बायकांची सेशन या आठवड्यात लागली आहेत त्यांची कार्डे काढून पाहावीत, आणि ज्यांच्यावर ७५५ व ३ मिलिसेकंद लिहिले आहे, किंवा ‘सेम’ लिहिले आहे, त्यांची सेशन डॉक्टर पाहीपर्यंत थांबवावीत.

सोबत : तिन्ही कार्डांचे व डागांचे फोटो, पावती, ट्यूबचा फोटो व बिल, त्वचारोगतज्ज्ञांचा अहवाल आणि औषधांची बिले.

आपल्या,
तिघी ग्राहक
(सदस्य क्रमांक पावतीवर आहेत)
मुंबई