आधी शोधलंत, मग पाना उचललात

मेस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

गाडी आता सकाळी थंड असतानाही एकसारखी चालते. चेक इंजिनचा दिवा पुन्हा लागलेला नाही. त्याबद्दल आभार मानायचे होतेच, पण तुमच्या कामाच्या गडबडीत ते नीट जमलं नाही. शिवाय ज्यांची गाडी मिस मारतेय, म्हणजे एखादा सिलेंडर मधूनच पेट घेत नाही, त्यांनाही तुम्ही नेमकं काय केलंत ते कळावं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

गाडी तुमच्याकडे आली तेव्हा तिच्यावर आधीच बरेच प्रयोग झाले होते. चारही प्लग नवे, ठिणगीसाठी व्होल्टेज देणारी एक कॉइल नवी, इंजेक्टर साफ केलेले. पुढे ऑक्सिजन सेन्सर बदलू आणि त्यानेही भागलं नाही तर हेड (इंजिनाचा वरचा भाग) उघडू, असं ठरत होतं. दिवा मात्र तसाच आणि थरथरही तशीच. तुम्ही हे सगळं ऐकून घेतलंत, आधीच्या गॅरेजबद्दल एक अक्षर वाईट बोलला नाहीत (याचं मला फार कौतुक वाटलं) आणि विचारलंत, "ताई, उभी असताना मारते की चालताना?"

मग एकामागून एक प्रश्न. थंड असताना जास्त की तापल्यावर? चढावर झटके देते का? पावसात वाढतं का? एसी लावल्यावर काय होतं? माझी उत्तरं अशी होती की थंड इंजिनावर सिग्नलला उभी राहिली की थरथरते, रेस दिली की सुतासारखी सरळ होते, चढाला काही तक्रार नाही. कॉइल कमकुवत असेल तर ती बहुधा उलट वागते, हे तुम्ही तेव्हाच सांगितलंत. लोड आला की सिलेंडरमधला दाब वाढतो, ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून दमलेली कॉइल टॉप गिअरमध्ये चढावर उघडी पडते. आमची गाडी तिथेच सर्वांत शहाण्यासारखी वागत होती.

स्कॅनरवर दोन कोड होते, पी०३०३ आणि पी०१७१. पहिला म्हणजे तीन नंबरच्या सिलेंडरमध्ये मिसफायर, दुसरा म्हणजे मिश्रण पातळ, पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. गाडीला मिसफायर कळतो कसा, हे मला तुमच्यामुळे समजलं. क्रँकशाफ्टचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचा, सेन्सर फिरण्याचा वेग सतत मोजत असतो. एखाद्या सिलेंडरने आपली पाळी चुकवली की तेवढ्यापुरता वेग किंचित पडतो आणि कोणाची पाळी होती यावरून नंबर लागतो. म्हणजे कोड फक्त कुठे हे सांगतो, का ते सांगत नाही. पी०३०३ दिसला म्हणून तीन नंबरची कॉइल बदलली गेली होती, ती याच घोटाळ्यातून.

तुम्ही नवं काहीच मागवलं नाहीत. तीन नंबरची कॉइल दोनवर, दोनची तीनवर. कोड पुसून गाडी पुन्हा चालवली, मिसफायर तीनवरच. मग प्लगची तशीच अदलाबदल, तरीही तीनवरच. दोष कॉइलमध्ये असता तर तो कॉइलबरोबर दोनवर गेला असता, पी०३०२ दिसला असता. ही तपासणी फुकटात होते आणि तरी ती कोणी करत नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

ती अदलाबदल करण्याआधी तुम्ही चारही प्लग फडक्यावर ओळीने मांडून मला दाखवले होते. तीन काळपट, टोकाला कोरडी काजळी. तीन नंबरचा तेवढा पांढुरका. तुम्ही म्हणालात, "हा उपाशी आहे आणि बाकीचे याच्यापायी जास्त खातायत." ऑक्सिजन सेन्सर चौघांचा मिळून धूर तपासतो. तिसऱ्यात जादा हवा शिरली की सगळंच मिश्रण त्याला पातळ दिसतं. मिस झालेल्या सिलेंडरमधून न वापरलेला ऑक्सिजन बाहेर पडतो, त्यानेही तेच दिसतं. मग ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, चौघांनाही जास्त पेट्रोल देतं. तिसऱ्याचं भागत नाही आणि उरलेले काळे पडतात. जो सेन्सर बदलायला निघाले होते तो बिचारा खरं तेच बोलत होता.

पुढे फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोलमध्ये करत असलेली कमीजास्त. आयडलवर (रेस न देता नुसतं इंजिन चालू असताना) अधिक १८ टक्के, म्हणजे ईसीयू हिशेबापेक्षा तितकं जास्त पेट्रोल देत होतं. तुम्ही रेस २५०० आरपीएमवर धरायला लावलीत आणि तो आकडा माझ्या डोळ्यांदेखत ४ वर आला. पंप किंवा फिल्टर कमी पडत असता तर रेस आणि लोड वाढल्यावर आकडा चढला असता. आयडलला थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) जवळपास बंद असतो, मॅनिफोल्डमध्ये (सिलेंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांमध्ये) व्हॅक्यूम जोरात असतो, त्यामुळे बारीकशी फटसुद्धा भरपूर हवा ओढते. थ्रॉटल उघडला की मुळात एवढी हवा आत येते की त्या फटीचं काही चालत नाही. इंजिन कुठूनतरी एअर घेतंय, हे तिथेच ठरलं. माझ्या मनातली हेडची धास्ती जावी म्हणून तुम्ही कॉम्प्रेशनही (सिलेंडर किती दाब धरतो ते) तपासलंत आणि चारही सिलेंडर जवळपास सारखे निघाले.

मग फट शोधायला तुम्ही मॅनिफोल्डमध्ये धूर सोडलात, पण वरून काहीच दिसेना. तुम्ही दांडीला लावलेला तो लहानसा आरसा मॅनिफोल्डच्या खाली सरकवलात, टॉर्च मारलात आणि मला वाकून बघायला सांगितलंत. तीन नंबरच्या नळीखालून, हेडला जिथे ती टेकते तिथून, धुराची बारीक रेघ वर येत होती. मॅनिफोल्ड काढल्यावर पॅकिंगचं रबर तेवढ्याच भागात चपटं आणि इतकं कडक झालेलं होतं की नख रुतत नव्हतं. थंडीत ते आक्रसायचं, इंजिन तापलं की थोडं फुगून फट झाकायचं. तापल्यावर थरथर कमी का होते, याचं उत्तर त्या रबरात होतं. नवं पॅकिंग बसवताना तुम्ही बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, टॉर्क पान्याने, टप्प्याटप्प्याने आवळलेत. मॅनिफोल्ड प्लास्टिकचा, जोर जास्त झाला तर तडकायचा.

गाडी लगेच हातात दिली नाहीत, हे मला त्या संध्याकाळी जरा खटकलं होतं, खरं सांगते. पण आजार थंड इंजिनाचा, तर खात्रीही थंड इंजिनावरच व्हायला हवी, हे तुमचं म्हणणं बिनतोड होतं. रात्रभर ठेवून सकाळी माझ्यासमोर स्टार्टर मारलात, इंजिन तापल्यावर आयडलचा ट्रिम अधिक २ दाखवलात, मग किल्ली दिलीत.

आणखी एका गोष्टीचे आभार. फोनवर मी दिवा मधूनमधून लुकलुकतो म्हटल्याबरोबर तुम्ही गाडी चालवत आणू नका, टो करून आणा म्हणालात. नुसता लागलेला दिवा वेगळा आणि लुकलुकणारा वेगळा. मिसफायरमुळे न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टचा धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळू शकते. पॅकिंगपुढे तो भाग किती महाग, हे मी नंतर विचारलं तेव्हा तुम्ही नुसते हसलात.

बिलावर तुम्ही पेनाने लिहून दिलंय की क्रँककेसच्या व्हेंटची होज मऊ पडलीय, आज गळत नाही पण पुढच्या सर्व्हिसला बदलू. ती बदलायला येईन. तेव्हा जमलं तर ट्रिमचे आकडे पुन्हा एकदा दाखवा, या वेळी मी लिहून घेईन.

आपली,
तीन नंबरच्या मिसफायरवाली ताई