सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत कला वेवाला जागा हवी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

हिवाळी सहलींच्या जाहिराती आपल्या दैनिकात येऊ लागल्या आहेत आणि त्यांत श्रीलंकेच्या सात-आठ दिवसांच्या मार्गदर्शित सहली ठळकपणे दिसतात. अशाच एका सहलीहून मी आणि माझी पत्नी नुकतेच परतलो. पाटबंधारे खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या नजरेने मी ते बेट पाहिले आणि त्या सहलीत जे मिळाले व कला वेवा या प्राचीन तलावासारखे जे हातातोंडाशी येऊनही राहून गेले, त्याविषयी सहल आखणाऱ्यांशी आणि सहलीला निघणाऱ्यांशी चार गोष्टी बोलाव्यात म्हणून हे पत्र लिहीत आहे.

प्रथम हे स्पष्ट करतो की गटाने आणि मार्गदर्शकासह प्रवास करण्याला माझा विरोध नाही. साठी ओलांडलेल्या, परक्या भाषेत व्यवहार करायला कचरणाऱ्या आणि गुडघ्यांचा भरवसा नसलेल्या माणसांना परदेश पाहण्याचा हाच मार्ग मोकळा असतो. सामान मोजणारा, औषधांच्या वेळा लक्षात ठेवणारा आणि मागे राहिलेल्यांसाठी बस थांबवणारा सहल व्यवस्थापक आम्हाला लाभला होता, त्याचे आम्ही ऋणी आहोत. शिवाय श्रीलंकेत गाईड हा परवानाधारक असतो. तेथील पर्यटन विकास प्राधिकरण प्रशिक्षण देऊन त्याला परवाना देते आणि संपूर्ण देशासाठी परवाना असलेल्या मार्गदर्शकाच्या पदनामातच ‘व्याख्याता’ हा शब्द आहे. आमच्यासोबतचे गृहस्थ त्या शब्दाला पूर्णपणे जागणारे होते. माझी तक्रार एवढीच आहे की त्या व्याख्यात्याला व्याख्यान देण्याइतका वेळ कार्यक्रमपत्रिकेने दिला नाही.

अनुराधपुराहून दांबुल्लाकडे येताना केकिरावा नावाचे गाव लागते. तेथे आमच्या गाईडने खिडकीतून पश्चिमेकडे बोट दाखवले आणि थोडेसे आत गेल्यावर कला वेवा आहे, असे सांगितले. सिंहलीत वेवा म्हणजे तलाव. हा तलाव पाचव्या शतकात धातुसेन राजाने बांधला. ज्या सिगिरियाच्या कड्यासाठी साऱ्या जगातून पर्यटक येतात, त्याच्यावर राजवाडा उभारणारा कश्यप हा या धातुसेनाचाच मुलगा. बापाला पदच्युत करून तो गादीवर बसला आणि लपवलेला खजिना दाखव म्हणून त्याच्या मागे लागला. तेथील जुन्या बखरींत अशी कथा येते की धातुसेन त्याला कला वेवाच्या काठी घेऊन गेला, पाण्यात उतरला आणि ओंजळीत पाणी घेऊन म्हणाला की माझी सारी संपत्ती ती हीच. पुढे कश्यपाने त्याला भिंतीत जिवंत गाडून मारले. कथेचा हा शेवट ऐकून बसमध्ये क्षणभर शांतता पसरली. दहा-बारा जणांनी एका सुरात विचारले की आपण तिथे थोडा वेळ जाऊ शकू का. दुपारी रत्नांच्या दुकानाची वेळ ठरलेली असल्याने ते शक्य नाही, असे उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी आम्ही मुलाचा राजवाडा पाहिला. बापाची संपत्ती मात्र उजव्या हाताला मागे राहिली होती.

त्या रत्नांच्या दुकानात आम्ही पावणेदोन तास होतो. त्याआधी मसाल्यांच्या बागेत, त्यानंतर बाटिकच्या कारखान्यात आणि पुढे लाकडी मुखवट्यांच्या दालनात असे थांबे झाले. खरेदी हा प्रवासाचा भाग आहे आणि ती कोणी करू नये, असे मी म्हणणार नाही. पण सहलीच्या एकूण तासांचा हिशेब मांडला तर दुकानांना मिळालेला वेळ अनुराधपुराला मिळालेल्या वेळेहून जास्त भरतो. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने नेलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीतून वाढलेला आणि इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकापासून आजवर अखंड जपलेला वृक्ष ज्या नगरीत आहे, तिथे आम्ही एक प्रदक्षिणा घालून बसमध्ये चढलो.

कला वेवाविषयी थोडे अधिक लिहिण्याची परवानगी असावी, कारण माझ्या दृष्टीने त्या बेटाच्या संस्कृतीचे मर्म तिथेच आहे. श्रीलंकेच्या मध्यभागी डोंगर आहेत आणि नैर्ऋत्य मोसमी पाऊस त्यांच्या एका अंगाला कोसळतो. उत्तरेचा व पूर्वेचा मोठा सपाट प्रदेश वर्षातले काही महिने कोरडा राहतो, त्याला तिथे ‘शुष्क क्षेत्र’ म्हणतात. प्राचीन राजधान्या याच कोरड्या भागात उभ्या राहिल्या, त्या केवळ तलावांच्या बळावर. कला वेवाचे पाणी अनुराधपुरातल्या तिस्स वेवापर्यंत नेणारा जय गंगा हा कालवा सुमारे ८७ किलोमीटर लांबीचा आहे आणि त्याच्या सुरुवातीच्या टप्प्यात तळाचा उतार किलोमीटरला जेमतेम १० सेंटीमीटर आहे. हाताशी आजची उपकरणे असताना एवढा सपाट उतार राखताना आमची काय त्रेधा उडत असे, हे आठवून मी दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या अनाम कारागिरांना मनोमन नमस्कार केला. मोठ्या तलावांतून पाणी सोडण्यासाठी भरावाच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाच्या, आत दगडी चौकोनी विहीर असे, तिला ‘बिसो कोटुवा’ म्हणतात. उंच साठ्यातून येणाऱ्या पाण्याचा जोर या विहिरीत मोडतो आणि कालव्याच्या तोंडाशी भराव खचत नाही. आजच्या धरणांतील पाणी सोडणाऱ्या विमोचक विहिरीचे काम ते लोक त्या काळी करून घेत होते.

राजांच्या या मोठ्या तलावांपेक्षाही मला गावतळ्यांच्या साखळीने अधिक भारावून टाकले. एका ओढ्याच्या खोऱ्यात वरून खाली अशी तळी एकामागून एक बांधलेली असतात. वरच्या तळ्याचे शेतात वापरून निथळलेले पाणी खालच्या तळ्यात येते आणि तिथून पुन्हा शेतांत जाते. सर्वांत वर जंगलातले छोटे तळे केवळ गाळ अडवण्यासाठी आणि जनावरांसाठी ठेवतात. मुख्य तळ्याच्या वरच्या अंगाला झाडांचा पट्टा वारा रोखून बाष्पीभवन कमी करतो, गवताचा पट्टा येणारे पाणी गाळतो आणि भरावाच्या खाली, भातशेतीच्या आधी, आणखी एक झाडोरा क्षार शोषून घेतो. या प्रत्येक पट्ट्याला सिंहलीत स्वतंत्र नाव आहे. पाऊस कमी झाला तर तळ्याजवळची थोडी जमीन सगळ्या शेतकऱ्यांमध्ये वाटून घेऊन तेवढीच भिजवण्याची ‘बेत्म’ नावाची प्रथा आहे. म्हणजे ज्याचे शेत लांब, त्यालाही टंचाईच्या वर्षी वाटा मिळतो. कालव्याचे पाणी कोणाला कधी मिळणार, हे ठरवणाऱ्या पाळीपत्रकावरून होणारी भांडणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या प्रथेचे मोल वेगळे सांगायला नको. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१७ मध्ये या पद्धतीला जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशाचा दर्जा दिला. हे सारे मला गाईडने हॉटेलच्या जेवणघरात, कागदी रुमालावर रेघा ओढून सांगितले, कारण दिवसा त्याला वेळ नव्हता. ज्या तळ्यांबद्दल तो सांगत होता, त्यांतली कितीतरी दिवसभर बसच्या काचेपलीकडून सरकत गेली होती आणि कमळे दिसली म्हणून आम्ही त्यांची छायाचित्रे घेतली होती.

सिगिरियाला आम्हाला दोन तास मिळाले. पायऱ्या बाराशेच्या आसपास आहेत, त्यामुळे चढणाऱ्यांचे सारे लक्ष चढण्यावर आणि न चढणाऱ्यांचे सावली शोधण्यावर होते. पायथ्याचे जलोद्यान, ज्यातली कारंजी पावसाळ्यात आजही उडतात, आम्ही धावतच ओलांडले. वर खोबणीत रंगवलेल्या स्त्रिया पाहून अजिंठ्याची आठवण होते आणि ती चित्रेही त्याच शतकातली आहेत. पण त्यांच्याजवळच्या आरसा-भिंतीकडे आमच्या गटातल्या फारच थोड्यांनी पाहिले. राजधानी उठून गेल्यानंतरच्या काळात, मुख्यतः आठव्या ते दहाव्या शतकांत, तिथे येऊन गेलेल्या प्रवाशांनी त्या गुळगुळीत भिंतीवर आपल्या कविता कोरून ठेवल्या आहेत. पुरातत्त्वज्ञ सेनरत परणवितान यांनी त्यांतल्या ६८५ वाचून १९५६ मध्ये प्रसिद्ध केल्या. हजार वर्षांपूर्वीच्या पर्यटकाला तिथे काय वाटले, हे त्याच्याच अक्षरांत वाचायला मिळते, अशा जागा जगात किती असतील? गाईडने त्यातली एक कविता म्हणायला सुरुवात केली तेव्हा मागून दुसरा गट आला आणि आम्हाला पुढे सरकावे लागले.

येथे भाषेचा मुद्दा येतो आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गाईड इंग्रजीत बोलत असे आणि व्यवस्थापक त्याचे मराठी करत असे. गाईडची पाच मिनिटे मराठीत येईपर्यंत दोन वाक्यांची होत. व्यवस्थापकाने या विषयाची तयारी केलेली नव्हती आणि तशी अपेक्षाही त्याच्याकडून कोणी केली नव्हती, म्हणून मी त्याला दोष देत नाही. परंतु मराठी माणसांसाठी मराठीतून सहल, अशी जाहिरात करणाऱ्या आयोजकांनी आपल्या माणसाला निघण्यापूर्वी त्या देशाचा इतिहास आणि भूगोल नीट शिकवला पाहिजे. जेवणात मराठी चव देण्यासाठी स्वयंपाकी सोबत नेण्याची काळजी जे घेतात, त्यांना हे अवघड नाही.

नुवारा एलियाच्या चहाच्या मळ्यांत हीच उणीव वेगळ्या रीतीने जाणवली. कारखान्यात पाने सुकवणे, मळणे, आंबवणे आणि भाजणे हे टप्पे आम्हाला छान दाखवले गेले. जेम्स टेलर याने १८६७ मध्ये कँडीजवळ लूलकोंडेरा येथे चहाची पहिली व्यापारी लागवड केली आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत कॉफीच्या पानांवरच्या तांबेऱ्याने बेटावरचे कॉफीचे मळे बसले, म्हणून सारे डोंगर चहाने झाकले गेले, हेही कळले. मात्र पाठीवर पोते बांधून दोन पाने आणि एक कळी खुडणाऱ्या बायका कोण आहेत, हे कोणी सांगितले नाही. त्यांचे पूर्वज तमिळनाडूतून मजुरीसाठी आणले गेले. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांच्यातले बहुतेक जण कोणत्याच देशाचे नागरिक उरले नाहीत आणि १९६४ मध्ये लाल बहादूर शास्त्री व श्रीलंकेच्या पंतप्रधान सिरिमावो भंडारनायके यांच्यात झालेल्या करारानंतर लाखो माणसे दोन देशांत वाटली गेली. आमच्या गटातल्या मंडळींनी त्या बायकांकडून ती पोती मागून घेऊन, त्यांच्यासारखे उभे राहून छायाचित्रे काढली. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. मळ्याच्या कडेला दिसणाऱ्या त्या एका रांगेतल्या खोल्यांत चार पिढ्या कशा राहिल्या, हे दहा मिनिटे ऐकले असते, तर त्या बायकांकडे पाहण्याची आमची नजर बदलली असती, असे मला मनापासून वाटते.

आपणा पर्यटकांच्या वागण्याविषयीही एक सांगायला हवे. बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढणे हा तिथे मोठा अनादर समजला जातो. दांबुल्लाच्या गुहांत आमच्यातल्या दोघांना रखवालदाराने त्यावरून अडवले, तेव्हा त्यांचाच पारा चढला. सीता एलियाच्या मंदिरात ज्यांचे हात आपोआप जोडले गेले होते, तीच ही माणसे होती. इतरांच्या श्रद्धास्थानी कसे वागायचे, हे निघण्यापूर्वीच्या बैठकीत सांगितले असते, तर तो प्रसंग आलाच नसता. त्या बैठकीत आम्हाला सामानाचे वजन, टोपी आणि परकीय चलन एवढ्याच गोष्टी कळल्या होत्या.

शेवटच्या दिवशी गॉलच्या किल्ल्यात मात्र पाऊस आला, बस अडकली आणि गाईडला दोन तास आयतेच मिळाले. पोर्तुगीजांनी सुरू केलेला आणि १६४० नंतर डचांनी वाढवलेला तो किल्ला आम्ही तटावरून चालत पाहिला. डचांनी बांधलेली आणि समुद्राच्या भरती-ओहोटीने धुतली जाणारी गटारे त्याने दाखवली. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत बाहेरचे शहर उद्ध्वस्त झाले असताना या तटाने आतल्या वस्तीला कसे वाचवले, हे त्याने ज्या जागेवर उभे राहून सांगितले, तिथून दोन्ही बाजू दिसत होत्या. त्या दोन तासांत कोणी घड्याळ पाहिले नाही, कोणी बसमध्ये जाऊन बसले नाही आणि ज्या काकूंना सहलभर इतिहासाचा कंटाळा होता, त्यांनीच सर्वाधिक प्रश्न विचारले. लोकांना ऐकायचे नसते, असे जे आयोजक सांगतात, त्यांच्यासाठी मी हे मुद्दाम नोंदवत आहे.

आयोजकांना माझी विनंती आहे की खरेदीच्या थांब्यांतले दोन कमी करून तो अर्धा दिवस कला वेवाला आणि त्याच्या काठाजवळ उभ्या असलेल्या अवुकनाच्या भव्य बुद्धमूर्तीला द्यावा. चढण नाही, वाटेपासून फार लांब नाही आणि संध्याकाळी भरावावरून चालणे ज्येष्ठांनाही झेपण्यासारखे आहे. जे वाचक या हिवाळ्यात नोंदणी करणार आहेत, त्यांनी पैसे भरण्यापूर्वी हॉटेल किती ताऱ्यांचे, याच्याबरोबरच स्थानिक गाईड सर्व दिवस सोबत आहे का, त्याचे बोलणे मराठीत कोण आणणार आहे आणि दुकानांसाठी एकूण किती तास राखले आहेत, हेही लेखी विचारून घ्यावे. आम्ही ते विचारले नव्हते.

आपला नम्र,
एक निवृत्त पाटबंधारे अभियंता