अंगठा उठत नाही

सोलापूर
18 जानेवारी 2026

प्रिय श्रीनू,

सिद्धेश्वरांच्या जत्रेचा गड्डा भरलाय आणि तू भिवंडीत बसलायस, हे काही बरं नाही बे. फोनवर तू विचारलंस, "विडी कामगारांच्या युनियननं वर्षभरात काय दिवे लावले?" मी हसून टाळलं. पण परवा वार्षिक अहवाल लिहायला बसलो, तेव्हा तुझाच प्रश्न आडवा आला.

मोर्चे, धरणं, निवेदनं हे सगळं अहवालात येईलच. खरं वर्ष गेलं ते अंगठ्यांत.

आपल्या अम्मांचे हात आठव. मांडीवर सूप, भिजवलेलं तेंदूचं पान पत्र्याच्या मापावर धरून कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, दोरा बांधायचा, तोंड मोडायचं. हजार विड्या म्हणजे हजार वेळा तेच. चाळीस वर्षं असं केल्यावर अंगठ्यावर रेषा कुठली राहायची? आणि पीएफच्या पेन्शनीला दर वर्षी हयातीचा दाखला लागतो, तो मशीनवर अंगठा ठेवून.

नोव्हेंबरात एक अक्का ऑफिसात आल्या. पाच वेळा अंगठा ठेवला, पाचही वेळा मशीन नाही म्हणालं. कुणी लिंबू आणून बोटं घासली, कुणी गरम पाण्यात बुडवायला लावली. तरी नाहीच. अक्का म्हणाल्या, "म्हणजे मी मेले का रे?" बाकीच्या बाया खळखळून हसल्या. मला काही हसू आलं नाही. शेवटी मोबाईलसमोर चेहरा धरून काम झालं, तेही तिसऱ्या खेपेला. पोरगं "डोळे मिटू नका" म्हणालं, की त्या नेमक्या मिटायच्या.

आणि एवढं कशासाठी, तर महिन्याला 1000 रुपयांसाठी. किमान पेन्शन 2014 पासून तेवढ्यावरच अडून आहे. घरी बसून वळणाऱ्या बाईलाही पीएफ लागू, हे सुप्रीम कोर्टानं 1985 सालीच सांगितलंय, पण कार्डावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि तेलुगू आडनावाचं स्पेलिंग प्रत्येक कारकुनाचं वेगळं. आमच्या ऑफिसातलं निम्मं कपाट याच घोळाच्या फायलींचं आहे.

एक गोष्ट मात्र जिंकलो. विड्या जमा करायच्या एका ब्रँचमध्ये चेकर मुठीमुठीनं छाट काढायचा, म्हणजे विड्या खराब म्हणून बाजूला टाकायचा. छाटीचे पैसे बाईला नाहीत, विड्या मात्र त्याच्याकडेच. बाया तीन सकाळी पायरीवर बसल्या, माल कुणी घेऊ दिला नाही. छाटलेली विडी बाईसमोरच मोडायची, असं लेखी घेतलं. दुसऱ्याच आठवड्यात छाट निम्म्यावर आली! आता सांग, आधी विडी खराब होती की नियत?

नव्या कामगार संहितांचं तू पेपरात वाचलंच असशील. 21 नोव्हेंबरला चारही लागू झाल्या आणि 1966 चा विडी कामगार कायदा त्यांत विरला. जीएसटी आला तेव्हा, 2017 ला, विडीवरचा कल्याण सेस गेला. पोरांच्या शिष्यवृत्त्या आणि दवाखाने त्यावरच चालायचे. तेव्हाही आम्हाला सांगितलं होतं की काही बदलणार नाही. म्हणून यंदा "काही बदलणार नाही" हे शब्द ऐकले की आधी धडकीच भरते.

आता खरं बोलू? अहवालात लिहिता येणार नाही, तुला लिहितो. विडी टिकावी असं मला वाटत नाही. तंबाखूच्या धुळीनं बायांची छाती भरते, हे आपण घरातच पाहिलंय. पण पर्यायी काम आधी यावं, विडी मग जावी, उलटं नको. आपल्या लोकांना गोदूताई वसाहतीत 10,000 घरं झाली, रे नगरला दोन वर्षांपूर्वी 15,000 जणांना चाव्या मिळाल्या. छप्पर झालं, छपराखाली सूप तेच. पोरी मात्र सुपाला हात लावत नाहीत, युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात जातात. मला भेटलेल्यांपैकी एकीकडेही पीएफचा नंबर नव्हता. आईकडे निदान कार्ड तरी होतं रे! यंदा त्या पोरींची युनियनच्या सभासदत्वाची पावती फाडायची, असं ठरवलंय. सभासद घटत चाललेल्या युनियनच्या सेक्रेटरीला एवढी हाव शोभते की नाही, तूच सांग.

एक काम आहे. तुझ्या अम्मांच्या ट्रंकेत जुनं विडी कार्ड आणि पीएफच्या पावत्या असतील, त्या शोध. त्यांच्या फाईलवर अजून "नाव जुळत नाही" एवढाच शेरा आहे. फेब्रुवारीत त्यांना घेऊनच ये. शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून ठेवतो.

तुझा,
नागेश