मानेचंही ऑपरेशन करायचं, असं मी सांगून आले आहे

खारघर, ७ फेब्रुवारी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा "बघू" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, म्हणून लिहिते आहे. आई, रात्री जेवणं झाल्यावर त्यांना वाचून दाखव. मध्ये थांबू नकोस.

सोमवारी परळला टाटा हॉस्पिटलात जाऊन आले. बाबांच्या गालाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनला २४ तारीख मिळाली आहे. गालाबरोबर मानेचंही करायचं, असं मी डॉक्टरांना सांगितलं. बाबा, तुम्ही जाताना स्टेशनवर म्हणाला होतात, "गाल काढा, पण मानेला हात लावू द्यायचा नाही, तिथं गाठच नाही." डॉक्टरांनी चाचपलं तेव्हा गाठ लागली नाही आणि स्कॅनही स्वच्छ आला, हे खरं आहे. तरी मी हो म्हणाले. तुम्हाला न विचारता म्हणाले, याचं तेव्हापासून सारखं वाईट वाटतंय. कागदावर सही तुमचीच लागेल, ती मला करता येत नाही आणि करायचीही नाही. पण तारीख हातची गेली तर पुढची कधी मिळेल याचा भरवसा नाही.

ओढ्याकडच्या बांधाला खेकड्यानं बीळ केलं होतं, आठवतं? मी तिसरी-चौथीत असेन. भर पावसात तुम्ही कंदील घेऊन पुढे, मी पोत्याची खोळ पांघरून मागे. वरून बांध धडधाकट दिसत होता. तुम्ही पलीकडच्या अंगानं हात फिरवलात, तिथं माती ओली लागली. धाकटे काका म्हणाले, "एवढंसं तर बीळ, सकाळी बघू." तुम्ही ऐकलं नाहीत. चांगला दिसणारा बांधसुद्धा दोन्ही बाजूंनी दोन-दोन हात उकरलात आणि नव्यानं भरलात. मी झोपेनं पेंगले तर मला खांद्यावर टाकून घरी आणलंत.

गालाच्या आतल्या कातडीखाली असाच एक बांध असतो. अगदी पातळ पडदा, कोलॅजनच्या धाग्यांनी विणलेला. कॅन्सरची पेशी ढकलाढकली करून तो ओलांडत नाही. ती स्वतःच्या बाहेर एन्झाइम सोडते आणि पडदा विरघळवते. त्यांना मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज म्हणतात, आम्ही लॅबमध्ये एमएमपी म्हणतो. त्यांच्या पोटात जस्ताचा एक अणू असतो, त्याच्याच जोरावर ती कोलॅजन कापतात. तोंडाच्या कॅन्सरमध्ये त्यातली दोन फार सापडतात, एमएमपी-२ आणि एमएमपी-९. आणि ही सगळी कॅन्सरची पेशी एकटीच बनवते असंही नाही. शेजारच्या चांगल्या पेशींना ती कामाला लावते, त्या बिचाऱ्या आपल्याच घराची भिंत पोखरणारं एन्झाइम बनवत बसतात. पडदा गेला की पुढे रसवाहिन्या, आणि त्यांची वाट थेट मानेतल्या ग्रंथींकडे जाते. हरभऱ्याएवढ्या ग्रंथी असतात त्या. चार-दोन पेशी तिथं जाऊन बसल्या तर बोटाला काय लागणार, आणि स्कॅनला तरी काय दिसणार?

ही एन्झाइम मुळात वाईट नाहीत, बाबा. विहिरीत आपण बेडकाची पिल्लं बघायचो ना, शेपटीवाली? ती शेपटी गळून पडत नाही, आतल्या आत विरघळते. १९६२ साली अमेरिकेत जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लॅपिएर यांनी त्या शेपटीतच यातलं पहिलं एन्झाइम शोधलं. आपली जखम भरतानाही तीच कामाला येतात. म्हणून तुम्ही विचारलंत तशी "ते थांबवायची गोळी" नाही. शास्त्रज्ञांनी करून पाहिली. १९९०नंतर मॅरिमास्टॅट नावाचं औषध आलं, मोठ्या आशेनं रुग्णांना दिलं. सांधे आखडले, दुखले, आणि कॅन्सरला म्हणावा तसा आळा बसला नाही. पुढे कळलं की यातली काही एन्झाइम उलट शरीराच्या बाजूनं लढतात. सरसकट सगळ्यांना बांधून ठेवून चालत नाही. गोळी असती तर मी तुमच्या मानेला सुरी लावायला हो म्हणाले असते का?

आता आकडा सांगते, कारण तुमचा हिशेबावर विश्वास आहे. याच टाटा हॉस्पिटलात तुमच्यासारख्याच, सुरुवातीच्या टप्प्यातल्या आणि मानेत गाठ न लागलेल्या रुग्णांवर अभ्यास झाला. चिठ्ठी टाकावी तसे दोन गट केले. एका गटाची मान गालाबरोबरच साफ केली, दुसऱ्याची गाठ आली तरच करायची ठरली. ५०० जणांचा हिशेब २०१५ साली छापून आला. तीन वर्षांनी पहिल्या गटातले शंभरातले ८० जण हयात होते, थांबलेल्यांतले साडेसदुसष्ट. मी तो तक्ता पूर्वी कितीदा तरी पाहिला होता. या वेळी मला तो बसून वाचता येईना.

एक गोष्ट बोलल्याशिवाय मला झोप लागणार नाही. सहा वर्षं मी लॅबमध्ये याच एन्झाइमांवर काम करते. जिलेटिन मिसळलेल्या जेलमधून नमुना पळवायचा, जेल रात्रभर ३७ अंशावर ठेवायचा, सकाळी निळ्या रंगात बुडवायचा. एन्झाइमनं जिथं जिलेटिन खाल्लं तिथं रंग धरत नाही, निळ्यावर पांढरा पट्टा उमटतो. असे पांढरे पट्टे मी हजारांनी मोजले असतील. आणि तुमच्या गालातला पांढरा चट्टा मला येळवशीला शेतात जेवताना दिसला, तोही तुम्ही भज्जीला हात न लावता आंबिलीवर भागवलंत म्हणून. खोपीत बसून मोबाईलच्या उजेडात पाहिला, डाव्या दाढेच्या मागे, कडेला लाल. दिवाळीला मी चार दिवस घरी होते. तेव्हाही तुम्ही ठेचा बाजूला सारत होतात आणि मी समजले, वय झालं. तालुक्याला ज्यांनी तीन महिने तोंड आलंय म्हणून गुळण्या आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या, त्यांच्यावर मी फार चिडले. पण त्यांनी एकदा पाहिलं असेल, मी तर तुमची पोरगी. तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी आणायला दुकानात मीच पळायचे, उरलेल्या पैशांची लिमलेटची गोळी मिळायची म्हणून. ती चव अजून तोंडात येते, बाबा.

पुरे. आता इथली सोय सांगते.

आतली खोली तुम्हा दोघांची. पलंग भिंतीला लावून घेतला आहे, संडास कमोडचा आहे, गुडघ्यांना त्रास नाही. पीठ ज्वारीचंच आणून ठेवलं आहे, इथली ज्वारी आपल्यासारखी गोड नाही, म्हणून पाच किलो सोबत आणा. ऑपरेशननंतर काही दिवस नाकातल्या नळीनं जेवण असेल. दूध, ताक, डाळीचं पाणी, सगळं गाळून जातं त्यातून. उपाशी राहणार नाहीत ते, आई, आणि मी रजा टाकली आहे. खांदा थोडे दिवस जड वाटेल, तोंड उघडायचा व्यायाम रोज करावा लागेल. पहाटेचा हरिपाठ बाबांना फोनवर लावून देईन. गॅलरीत तुळस आहे.

शेताचंही मी काकांशी बोलून घेतलं. हरभरा ते काढून घेतील, ज्वारीला राखण त्यांचा गडी बसेल. हेही तुम्हाला न विचारता केलं, रागावू नका. म्हैस शेजारच्या वहिनी पिळतील, दूध त्यांनीच ठेवायचं.

बाबा, तंबाखू आजपासून बंद. उद्यापासून नाही. तलफ आली तर बडीशेप धरा. चंची फेकू नका, मला माहीत आहे ती आजोबांची आहे, ती माझ्याकडे द्या.

आई, तुझी मिश्रीसुद्धा. मला "म्हातारपणी काय होतंय" सांगू नको, तीही तंबाखूच आहे. तू आल्यावर तुझंही तोंड दाखवायचं आहे, डॉक्टरांना सांगून ठेवलंय. बीपीची गोळी प्रवासात पर्समध्ये ठेव, बॅगेत नको.

आणि बंड्याला समोर बसवून तोंड उघडायला लावा. त्याची तीन बोटं उभी आत जातात का बघा. गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे, तरी त्याच्या खिशात पुडी असतेच. त्याला वाटतं तंबाखू नसलेली नुसती सुपारी चालते. सुपारीनं उलटं होतं. तिच्यातल्या तांब्यामुळे लायसिल ऑक्सिडेज नावाचं दुसरं एन्झाइम वाढतं, ते कोलॅजनचे धागे एकमेकांना इतके घट्ट बांधतं की गाल चामड्यासारखा होतो आणि तोंड उघडेनासं होतं. पुढे त्यातूनही कॅन्सर होऊ शकतो. दोनच बोटं जात असतील तर त्याला तुमच्याबरोबरच गाडीत बसवा. त्याच्या आईला मी फोन करते.

तिकिटं २० तारखेची, लातूर एक्स्प्रेस, दोन्ही खालचे बर्थ. जुने रिपोर्ट आणि बायोप्सीची काचपट्टी निळ्या पिशवीत आहे, ती आईनं उशाशी घ्यायची. स्वेटर ठेवा. सकाळी मी डब्यासमोरच उभी असेन, सामान घेऊन उतरायची घाई करू नका.

तुमची,
सुमी

ता.क. बाबा, मनातून मान्य नसेल तर तसं मला फोनवर सांगा, आईकडे देऊ नका. मी ऐकून घेईन. तरी गाडीत मात्र बसा.