झेड-स्कोअर काढण्याआधी आलेख काढा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

निकालांच्या, आरोग्याच्या आणि सर्वेक्षणांच्या बातम्यांत हल्ली पर्सेंटाइल, झेड-स्कोअर, बेल कर्व्ह हे शब्द सर्रास दिसतात. मी प्रथम वर्षाला संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे हे शब्द वर्गाबाहेर पडल्याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्यांच्यासोबत एक गैरसमजही पसरतो आहे आणि तो शिकलेल्या माणसांतही घट्ट बसलेला दिसतो, म्हणून हे पत्र.

झेड-स्कोअरचं काम मुळात साधं आहे. एका विद्यार्थिनीला गणितात 72 आणि विज्ञानात 66 गुण मिळाले, तर कौतुक गणिताचं होतं. आता गणितात वर्गाची सरासरी 60 आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचं माप) 12 आहे, विज्ञानात सरासरी 54 आणि प्रमाण विचलन 6 आहे असं समजा. दोन्ही विषयांत ती सरासरीच्या 12 गुण पुढे आहे. पण गणितात हे 12 गुण म्हणजे एक प्रमाण विचलन, तर विज्ञानात दोन. गुणांतून सरासरी वजा करायची आणि उरेल त्याला प्रमाण विचलनाने भागायचं, की झेड-स्कोअर मिळतो: गणितात 1, विज्ञानात 2. वर्गाच्या तुलनेत तिची विज्ञानातली कामगिरी सरस आहे, हे नुसत्या गुणांवरून कधीच कळलं नसतं.

इथपर्यंत सगळं निर्धोक आहे. घोटाळा पुढच्या पायरीला होतो. विद्यार्थी पुस्तकाच्या शेवटचं कोष्टक उघडतात, 1 समोर 0.8413 वाचतात आणि लिहून टाकतात की ही विद्यार्थिनी 84 टक्के मुलांच्या पुढे आहे. 2 समोर 0.9772 दिसतं, म्हणून विज्ञानात सुमारे 98 टक्के मुलांच्या पुढे. पण ते कोष्टक प्रसामान्य वितरणाचं, म्हणजे मध्ये उंच आणि दोन्ही बाजूंना सारख्याच उतरणाऱ्या बेल कर्व्हचं आहे. वर्गाचे गुण निदान ढोबळमानाने तसे पसरलेले असतील तरच या आकड्यांना अर्थ आहे. ते तसे आहेत का, हे कोणी पाहिलेलंच नसतं.

यावर अनेक जण म्हणतात, ‘झेड-स्कोअर काढला म्हणजे माहिती प्रसामान्य झालीच ना?’ नाही. सूत्र एक वजाबाकी आणि एक भागाकार करतं, बस. सरासरी 0 वर येते, प्रमाण विचलन 1 होतं आणि वितरणाचा आकार होता तसाच राहतो. किलोमीटरचे मैल केले म्हणून वळणाचा रस्ता सरळ होत नाही.

सोप्या पेपरचंच बघा. 100 गुणांपैकी सरासरी 85 आणि प्रमाण विचलन 10. बहुतेक मुलं नव्वदीच्या आसपास, काही थोडी खूप मागे. पैकीच्या पैकी मिळवणाऱ्याचा झेड-स्कोअर 1.5 येतो. कोष्टक सांगतं की 1.5 च्या वर जवळजवळ 7 टक्के असायला हवेत, म्हणजे 7 टक्के मुलांना 100 पैकी 100 हून जास्त गुण! गणिती पायऱ्या सगळ्या बरोबर, उत्तर अशक्य. शिवाय वर्गाचे सगळे गुण हाताशी असतील तर कोष्टकाची गरजच काय? किती टक्के मुलं मागे आहेत ते सरळ मोजावं, तोच पर्सेंटाइल. मोजून काढलेल्या पर्सेंटाइलला कुठलंच गृहीतक लागत नाही.

मग प्रसामान्य वक्राला इतकं महत्त्व का? कारण अनेक लहानसहान, एकमेकांवर अवलंबून नसलेल्या कारणांची बेरीज झाली की तो वक्र उमटतो. आब्राहाम द म्वाव्र यांना तो 1733 मध्ये नाणेफेकीच्या गणितात सापडला. नाणं 100 वेळा उडवलं तर छाप्यांची सरासरी 50 आणि प्रमाण विचलन 5 येतं, आणि असे खूप प्रयोग केले तर साधारण 96 टक्के प्रयोगांत छापे 40 ते 60 च्या दरम्यान पडतात. पुढे गाऊस यांनी 1809 मध्ये खगोलीय निरीक्षणांतल्या चुकांसाठी हाच वक्र वापरला, आणि अशा बेरजा या आकाराकडे का झुकतात याचं व्यापक गणित लाप्लास यांनी मांडलं. प्रौढ स्त्रियांच्या किंवा प्रौढ पुरुषांच्या उंचीत हा आकार छान दिसतो. उत्पन्नात दिसत नाही, तिथे थोड्या लोकांची प्रचंड मिळकत उजवीकडे लांब शेपूट काढते. आकार माहीत नसेल तर काय हमी मिळते, हे चेबिशेव्ह यांच्या प्रमेयावरून कळतं: सरासरीच्या दोन्ही बाजूंना दोन प्रमाण विचलनांत किमान 75 टक्के. याच पट्ट्यासाठी पाठ झालेला 95 टक्के हा आकडा प्रसामान्य वितरणापुरताच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये लहान मुलांच्या वाढीची मानकं काढली, तेव्हा हीच काळजी घेतली. उंचीचं वितरण प्रसामान्य मानता आलं. वजनाचं एका बाजूला झुकलेलं होतं, म्हणून झेड-स्कोअर काढताना तो कल आधी हिशेबात धरला. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे उदाहरण दाखवलं पाहिजे असं मला वाटतं. त्याच तक्त्यावर आपल्या बाळाचा स्कोअर उणे 0.4 पाहून पालक धास्तावतात, तेव्हा वाईट वाटतं. निरोगी मुलांतही जवळपास निम्म्यांचा स्कोअर उणेच असणार. उंचीच्या बाबतीत वाढ खुंटल्याची सीमा उणे 2 च्या खाली मानली जाते.

तुलना कोणाशी केली, हाही प्रश्न तितकाच मोलाचा. हाडांच्या घनतेच्या अहवालात टी-स्कोअर निरोगी तरुण प्रौढांशी तुलना करतो, तर झेड-स्कोअर समवयस्कांशी. उतारवयातल्या बाईंचा झेड-स्कोअर शून्याजवळ असूनही टी-स्कोअर उणे 2.5 असू शकतो, आणि उतारवयात ऑस्टिओपोरोसिसचं (हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराचं) निदान टी-स्कोअरवर होतं. ‘झेड-स्कोअर ठीक आहे’ एवढंच वाचून अहवाल बाजूला ठेवणं त्यांना महागात पडेल.

आपल्याकडे माझी मागणी छोटी आहे. सरासरीची बातमी देताना जमेल तेव्हा प्रमाण विचलनही द्यावं, आणि शक्य असेल तिथे स्तंभालेख छापावा. दोन बोटं जागेत तो मावतो आणि वितरण झुकलेलं आहे की नाही, हे वाचकाला स्वतःच दिसतं. पर्सेंटाइल छापताना तो कोणत्या गटातला आहे आणि मोजून काढला की कोष्टकावरून, हे एका वाक्यात सांगावं. पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्यांनाही विनंती, की कोष्टकाच्या प्रत्येक गणिताआधी ‘आलेख काढून वितरणाचा आकार तपासा’ हा उपप्रश्न घालावा आणि त्याला गुण ठेवावेत. गुण नसलेला उपप्रश्न मुलं सोडून देतात.

आपली,
संख्याशास्त्राची एक शिक्षिका