रशियाचं तेल, अमेरिकेचं इंजिन आणि तुझे टॉवेल

ओझर,
२६ ऑक्टोबर २०२५

प्रिय व्यंकट,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दिवाळीच्या आधीच आलं होतं, पण फराळाच्या धांदलीत चार ओळी खरडून पाठवाव्यात असा तो विषय नव्हता. "रशियाचं स्वस्त तेल घ्यायचं कुणी, त्यावर कमवायचं कुणी आणि अमेरिकेच्या आयातशुल्काचा मार खायचा सोलापूरच्या यंत्रमागांनी, हा कुठला न्याय?" असं तू विचारलंस. आणि खाली, "आपण नक्की कोणाच्या बाजूचे ते दिल्लीने एकदाचं ठरवून टाकावं." पहिल्या प्रश्नात मी पूर्णपणे तुझ्याबरोबर आहे. दुसरं मात्र मला पटत नाही. का पटत नाही ते मी ज्या भांडारात आयुष्य काढलं तिथूनच सांगतो.

ओझरचा विमान कारखाना मुळात उभा कसा राहिला बघ. साठच्या दशकाच्या सुरुवातीला पाकिस्तानला अमेरिकेची एफ-१०४ लढाऊ विमानं मिळाली. आपल्याला तोडीस तोड हवं होतं. अमेरिका आणि ब्रिटन नको नको म्हणत असताना आपण ऑगस्ट १९६२ मध्ये रशियाशी मिग विमानांचं ठरवलं. दोन महिन्यांत चीनने हल्ला केला आणि नेहरूंनी केनेडींकडे मदत मागितली. अमेरिकेची शस्त्रं विमानांनी कलकत्त्याला उतरली. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले ते त्याच धामधुमीत, आणि पुढच्या वर्षी आमच्या नाशिकमधून बिनविरोध निवडून आले. मे १९६४ मध्ये ते वॉशिंग्टनला गेले, एफ-१०४ मागितली, ती मिळाली नाहीत. नेहरू गेल्याची बातमी त्यांना तिथेच कळली. त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी ते मॉस्कोला गेले. रशियाने दोन गोष्टी मान्य केल्या होत्या, ज्या दुसरं कुणी करत नव्हतं: विमान इथे बनवायचा परवाना, आणि पैसे रुपयांत. तेव्हा आपल्या गंगाजळीत डॉलर होते कुठे? चहा, काजू, चामड्याचे बूट यांच्या बदल्यात लढाऊ विमानं आली म्हटलंस तरी चालेल.

म्हणजे आपण रशियाकडे गेलो ते प्रेमापोटी नाही, आणि अमेरिकेकडे गेलो ते भीतीपोटी नाही. ज्याने जे दिलं ते त्याच्याकडून घेतलं. त्याच वर्षांत पवईची आयआयटी रशियाच्या मदतीने वाढत होती आणि कानपूरची अमेरिकेच्या.

पण एकाकडूनच घेत राहिलं की काय होतं, तेही मी पाहिलंय. मिगच्या पंपाबरोबर, झडपेबरोबर रशियन लिपीतली एक छोटी वही यायची. तिला सगळे पासपोर्टच म्हणत. तो भाग किती तास चालला, कधी उघडला, कधी बाद करायचा, सगळं तिच्यात. वही नसेल तर भाग कितीही कोरा करकरीत असो, विमानाला लागायचा नाही. १९९१ साली सोव्हिएत संघ फुटला आणि ज्या गावांची नावं आम्ही त्या वह्यांवर वाचायचो ती वेगवेगळ्या देशांत जाऊन पडली. तिबिलिसी जॉर्जियात, कीव्ह युक्रेनमध्ये. पत्रांना उत्तरं येईनात. रुपयाचा व्यवहार संपला, जो तो डॉलर मागू लागला. रबरी सीलला वय असतं, व्यंकट. ती कपाटात नुसती ठेवली तरी म्हातारी होते. मुदत संपत आलेल्या सीलच्या पाकिटांवरच्या तारखा वाचताना पोटात गोळा यायचा, कारण ती सील ज्या विमानात बसणार त्यात कुणाचा तरी पोरगा बसणार होता.

आता दुसरी बाजू. तारापूरचं अणुवीज केंद्र अमेरिकेने बांधून दिलं, १९६३ चा करार, १९६९ ला वीज सुरू. इंधन त्यांनीच द्यायचं असं करारात लिहिलेलं. १९७४ ला पोखरणची अणुचाचणी झाली आणि कुरबुरी सुरू झाल्या. १९७८ ला त्यांनी स्वतःच्या देशात कायदा केला आणि करार बाजूला राहिला. जळून गेलेलं इंधन ते परत नेईनात आणि आपल्याला त्यावर प्रक्रियाही करू देईनात. ते तारापूरलाच पडून. १९८२ मध्ये फ्रान्सने इंधन द्यायचं ठरलं. फ्रान्सने हात आखडल्यावर १९९५ मध्ये ते चीनकडून आलं. होय, बासष्टच्या चीनकडून. मग २००१ मध्ये रशियाकडून. मुंबईच्या उशाशी असलेली एक अणुभट्टी, आणि तिच्या चुलीत चार देशांचं सरपण. मला या गोष्टीचा अभिमान वाटतो. कुणापुढे शरण न जाता ती भट्टी चालू ठेवली आपल्या माणसांनी. दिल्लीत बसून पंचवीस वर्षं दारोदार वाटाघाटी करणारे ते अधिकारी कुणाला ठाऊकही नाहीत.

तू म्हणतोस तशी बाजू १९७४ ला निवडून टाकली असती, तर यातलं कुठलं दार उघडं राहिलं असतं?

२६ सप्टेंबरला चंदिगडला मिग-२१ निवृत्त झालं. ते दूरदर्शनवर बघताना आमच्या कॉलनीतले बरेच जण रडले, मीही. आणि १७ ऑक्टोबरला इथे ओझरला तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. विमान आपलं, इंजिन अमेरिकेचं. तारापूर बांधणाऱ्या जनरल इलेक्ट्रिकच्याच घराण्यातलं. २०२१ मध्ये ९९ इंजिनं मागवली, पहिलं हातात पडलं मार्च २०२५ मध्ये. सांगाडे तयार आणि इंजिनाची वाट बघायची, हे भांडारातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आपल्या देशी कावेरी इंजिनाचं काम ऐंशीच्या दशकात हाती घेतलं होतं, ते अजून लढाऊ विमानात बसलेलं नाही. माझ्या मते आपल्या परराष्ट्र धोरणातली सगळ्यात मोठी उणीव परराष्ट्र खात्यात नाहीच, ती इथे आहे.

तेलाकडे येतो. युक्रेनचं युद्ध सुरू व्हायच्या आधी आपल्या तेलात रशियाचा वाटा शेकडा दोनही नव्हता. दोन वर्षांत तो तिसऱ्या हिश्श्याच्या घरात गेला. तेव्हा घेतलं ते बरोबर केलं असं मला वाटतं. आपण ८५ टक्क्यांवर तेल बाहेरून आणतो, भाव भडकला असता तर तुझ्या टेम्पोच्या डिझेलपासून सगळं पेटलं असतं. पण तो फायदा घरोघर पोचला का? पंपावर तर फारसा दिसला नाही. आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेने आपल्या मालावर आधी पंचवीस, मग २७ तारखेपासून रशियन तेलाच्या नावाखाली आणखी पंचवीस टक्के आयातशुल्क लावलं. रशियाचं तेल आपल्यापेक्षा जास्त घेणाऱ्या चीनला तेलासाठी असा दंड नाही. दुर्मीळ खनिजं चीनच्या मुठीत आहेत, तो उलट नाड्या आवळू शकतो. आपल्याकडे तसं काय आहे? आता चार दिवसांपूर्वी रोसनेफ्ट आणि लुकॉइल या रशियन तेल कंपन्यांवर अमेरिकेचे निर्बंध आले, म्हणजे हा तेलाचा ओघही आटणार.

एक गोष्ट मला या सगळ्यात खुपते. मार्च २०२२ मध्ये राष्ट्रसंघात युक्रेनवरच्या ठरावावर आपण तटस्थ राहिलो. अडचण मला कळते. पण माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या आपल्या विनाशिका युद्धनौकांची गॅस टर्बाइन्स युक्रेनच्या मिकोलाइव्हची आहेत. गेल्या डिसेंबरात रशियाने आपल्याला दिलेल्या 'तुशिल' या युद्धनौकेतही युक्रेनचीच टर्बाइन्स आहेत. त्या कामगारांच्या गावावर बॉम्ब पडत होते. मत दिलं नाही तरी त्यांच्यासाठी दोन स्पष्ट शब्द आपण आणखी बोलायला हवे होते. इतक्याने रशियाने स्पेअर थांबवले नसते.

बहात्तर साली रेशनच्या रांगेत मिळणारी अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आठवते ना? भाकरी थापायला घेतली की चिरायची, तुझी आई वैतागायची. त्याच्या सहा-सात वर्षं आधी तर अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सनसाहेब गव्हाची जहाजं महिन्या-महिन्याच्या हिशोबाने सोडत होते, आणि व्हिएतनामवर दिल्ली काय बोलते याकडे कान लावून होते. तो फास सुटला तो भाषणांनी नाही. पंजाबच्या शेतकऱ्याने मेक्सिकोचं बियाणं पेरलं म्हणून सुटला. आणि त्या शेतकऱ्यामागे सरकार उभं होतं, हमीभावाने गहू विकत घेत होतं.

तुझ्यामागे ते तसं उभं नाही, ही माझी तक्रार आहे. देशाने तोल सांभाळायचा ठरवला तर त्याचा खर्च देशाने उचलावा. कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क डिसेंबरअखेरपर्यंत माफ केलंय. त्याने तुला सूत जरा स्वस्त पडेल, पण ते विदर्भातल्या कापूसवाल्याच्या पदरातून काढून दिलेलं आहे. तेलाच्या सवलतीत जे वाचलं त्यातला हिस्सा सोलापूर-इचलकरंजीच्या मागवाल्यांना, कोळंबीवाल्यांना व्याजसवलत म्हणून, कामगारांच्या पगारापुरता तरी मिळायला हवा. तुमच्या यंत्रमागधारक संघाने हेच मागावं. "रशियाला सोडा" ही मागणी करू नका. उद्या ट्रम्पसाहेबांशी समझोता झाला तरी परवा ते दुसरं काही मागतील, तेव्हा तुमच्या हातात काय राहील?

ब्रिटनशी २४ जुलैला व्यापार करार झालाय. अजून लागू नाही, पण लागू झाला की आपल्या कापडावरचं तिथलं शुल्क जाणार. तिकडच्या खरेदीदारांना नमुने आत्ताच पाठव. त्यांना कोणत्या वजनाचा आणि किती जाड टॉवेल लागतो, ते मुंबईच्या एखाद्या निर्यातदाराकडून आधी काढून घे.

आणि एक खरं खरं लिही: किती माग बंद ठेवलेत, आणि कामगारांना दिवाळीचा बोनस देता आला का? नसेल तर माझ्याकडे थोडे पैसे पडून आहेत. संकोच करू नकोस. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अरविंद